रॅगिंगच्या कायद्याला जात दिसत नाही

एखाद्या शाळेत किंवा वसतिगृहात पोराचा छळ झाला, त्याने जीव दिला किंवा त्याचा जीव घेतला गेला, की दोन दिवस बातम्या चालतात आणि तिसऱ्या दिवशी मागणी येते : कडक कायदा करा. आपल्या चळवळीतले तरुणही हीच मागणी घेऊन तहसीलदाराला निवेदन देतात. मागणी चुकीची नाही, पण अर्धवट आहे. कायदे आधीच आहेत. एक नाही, चार आहेत. त्यातला एक तर खास आपल्या महाराष्ट्राचा आहे आणि त्याला पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत. मग आजही वस्तीतला पोरगा आठवी-नववीत शाळा का सोडतो? "शाळेत मन लागत नाही" असे तो घरी सांगतो. त्याचे मन का लागत नाही, हे विचारायला कुणीच का जात नाही?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शाळेतल्या छळाविरुद्धचे आपले कायदे तीन कारणांनी लुळे पडले आहेत. पहिले, त्यांना जात दिसत नाही, आणि ज्याला दिसते तो शाळेच्या दारात अडतो. दुसरे, ते पोराला शिक्षा करायला निघतात आणि संस्थेला मोकळी सोडतात. तिसरे, तक्रार कुठे करायची, तर जिथे छळ झाला त्याच संस्थेच्या प्रमुखाकडे. ही तीन भोके बुजवल्याशिवाय पाचवा कायदा आणला तरी तो मुख्याध्यापकाच्या खोलीत फ्रेम करून लावला जाईल, एवढेच.

आधी छळ म्हणजे काय ते ठरवू. मुले भांडतात, एकमेकांना टोपणनावे ठेवतात, डबा पळवतात. त्या सगळ्याला छळ म्हणता येत नाही. छळ तिथे सुरू होतो जिथे एका बाजूला ताकद असते, दुसऱ्या बाजूला नसते आणि तोच प्रकार पुन्हा पुन्हा होतो. आपल्याकडे ही ताकद कुठून येते? दंडातून थोडी, आडनावातून जास्त. नवीन वर्गात पहिल्या दिवशी विचारले जाते, "आडनाव काय?" उत्तर ऐकून पुढचा प्रश्न येतो, "म्हणजे कोण?" मग 'फुकटे', 'सरकारचे जावई', 'स्कॉलरशिपवाले' ही बिरुदे चिकटतात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असला की भर वर्गात "एससीची मुलं उभी राहा" असे फर्मान सुटते. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नाचलेल्या पोराला पंधरा एप्रिलला वर्गात काय ऐकावे लागते, ते त्यालाच ठाऊक. आता तर वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. शाळा पाच वाजता सुटते, छळ रात्री अकरापर्यंत चालतो.

याला 'पोरांची मस्ती' म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांची शाळा आठवावी. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, आणि शिपाई नसेल तर तहानलेलेच राहायचे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुलांनी धावाधाव केली. यातला छळ नेमका कुणी केला? डबे पोरांनी हलवले, हे खरे. पण गोणपाट कुणी ठरवले? नळाचा नियम कुणी केला? तो शाळेचा नियम होता. त्या शाळेत बाबासाहेबांना मारणारा एखादा दांडगा पोरगा शोधत बसाल तर तो सापडणार नाही, कारण छळ करणारी शाळाच होती. आजच्या कायद्यांचे सगळ्यात मोठे अपयश इथेच आहे. ते दांडगा पोरगा शोधतात. गोणपाट त्यांना दिसत नाही.

कायदा कागदावर असणे आणि हातात असणे यातला फरक आपल्याला नव्याने शिकायला नको. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. आपण तो पाणवठ्यांचा ठराव म्हणून लक्षात ठेवतो. पण सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर त्यात सरकारी शाळाही होत्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले, तेही ठरावाने. तळ्याचे पाणी मात्र तीन वर्षे कुणाच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही कोर्टकज्जे झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. हक्क कागदावर यायला एक दिवस लागला, तो कोर्टात टिकायला चौदा वर्षे. शाळेतल्या छळाच्या कायद्यांचे आज तेच चालले आहे. ठराव झालेला आहे. तळ्यावर कुणी गेलेले नाही.

आता ते चार कायदे एकेक करून पाहू.

पहिला, महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९. रॅगिंग म्हटले की आपल्याला मेडिकल आणि इंजिनिअरिंगची वसतिगृहे आठवतात. पण या कायद्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या इतकी रुंद आहे की शिक्षण देणारी कोणतीही संस्था, तिला जोडलेले वसतिगृह, अनाथालय, शिकवणी वर्गसुद्धा त्यात बसतात. रॅगिंगची व्याख्याही रुंद आहे. विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा ओशाळलेपण वाटेल असे वर्तन. चिडवणे, शिव्या देणे, धमकावणे, हे सगळे त्यात येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढायचे आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश द्यायचा नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. आणि प्रमुखाने हे केले नाही, टाळाटाळ केली, तर त्याने गुन्ह्याला चिथावणी दिली असे मानून त्यालाच शिक्षा करण्याची तरतूद आहे. हे शेवटचे कलम म्हणजे या कायद्याचा कणा आहे. तुमच्या तालुक्यात एखाद्या प्राचार्यावर किंवा मुख्याध्यापकावर हे कलम लागल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का? विचारून बघा.

आणि या कायद्यात जात हा शब्द नाही. एखाद्याला त्याच्या चष्म्यावरून चिडवले काय आणि जातीवरून काय, कायद्याच्या लेखी दोन्ही सारखेच. पण चष्म्यावरून चिडवलेल्या पोराच्या मागे त्याचे गाव उभे असते. जातीवरून चिडवलेल्या पोराच्या विरोधात तेच गाव उभे राहू शकते.

दुसरा, शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलाशी भेदभाव होणार नाही, त्याचे शिक्षण त्यामुळे तुटणार नाही, याची जबाबदारी कलम ८ आणि ९ ने शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. ऐकायला उत्तम. पण कलम १७ मोडणाऱ्याला शिक्षा काय? त्याच्या सेवाशर्तींनुसार शिस्तभंगाची कारवाई. म्हणजे खासगी संस्थेत तोच संस्थाचालक न्यायाधीश, जो त्या शिक्षकाला नेमतो. शिवाय हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. नववीत गेले की छत्र संपले. आणि छळ तर त्याच वयात वाढतो.

तिसरा, बाल न्याय कायदा, २०१५. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्याशी क्रूरपणे वागणे हा कलम ७५ खाली गुन्हा आहे. मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेतल्या माणसाने ते केले तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. हे हत्यार मोठ्या माणसांविरुद्ध चालते. वर्गातल्या दुसऱ्या मुलाविरुद्ध नाही.

चौथा आपला, १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा. जात दिसणारा यातला हा एकटाच. पण तो शाळेत नेला की दोन ठिकाणी अडतो. जातिवाचक अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे अशी अट आहे आणि वर्ग ही तशी जागा आहे की नाही, यावर बचावाचे वकील वाद घालतात. दुसरी अडचण आपल्या कार्यकर्त्यांना पोलीस ठाण्यात गेल्यावर कळते. छळ करणारा स्वतः अठरा वर्षांखालचा असेल तर त्याला बाल न्याय कायदा लागतो. त्या कायद्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे गुन्हा अतिगंभीर वर्गातला नसेल, किंवा त्यात मोठ्या माणसाचा सहभाग नसेल, तर एफआयआर दाखल करायचा नसतो. स्टेशन डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह ती बाल न्याय मंडळाकडे पाठवायची. जातीवरून शिवी दिल्याच्या कलमाला कमाल शिक्षा पाच वर्षे, म्हणजे ते अतिगंभीर वर्गात येत नाही. हे माहीत नसले की कार्यकर्ता एफआयआरसाठी दोन दिवस ठाण्यात बसतो, हवालदार "होत नाही" म्हणतो आणि डायरीतली नोंदही न घेता सगळे घरी जातात. एफआयआर होत नसेल, पण नोंद झालीच पाहिजे. ती मागून घ्या.

मी इथे थोडे थांबतो, कारण आपल्यातल्या काहींना हा नियम अन्यायाचा वाटेल. मला वाटत नाही. तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडात जी शिवी आहे ती त्याने शोधून काढलेली नाही. ती त्याच्या घरातून, पारावरून, आता मोबाईलमधून आलेली आहे. त्याला तुरुंगात घालून आपल्याला काही मिळणार नाही. तिथून तो सुधारून नव्हे, पक्का होऊन बाहेर येईल. जातीचे निर्मूलन म्हणजे त्याही पोराला जातीतून सोडवणे. शिक्षेचे कलम ज्यांना लागायला हवे ते मोठे लोक आहेत : ऐकून न ऐकल्यासारखे करणारा वर्गशिक्षक, तक्रार दाबणारा मुख्याध्यापक, "संस्थेचे नाव खराब होईल" म्हणून पालकांना चहा पाजून परत पाठवणारा अध्यक्ष.

हे लोक किती महत्त्वाचे असतात ते खर्ड्याने दाखवले. २८ एप्रिल २०१४. अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावी आपल्या सतरा वर्षांच्या पोराला शाळेच्या आवारातून मारत नेले आणि संपवले. त्याचे नाव चळवळीतल्या प्रत्येकाच्या ओठांवर आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले आणि त्यात शाळेतली माणसेही होती. शाळेच्या आवारात घडलेली गोष्ट शाळेलाच दिसली नाही. ज्या शाळेने उद्या न्यायालयात "मी काही पाहिले नाही" असे सांगायचे, ती आज वर्गात काय पाहत असेल?

ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात शिक्षकाच्या मारहाणीनंतर नऊ वर्षांच्या दलित मुलाचा मृत्यू झाला. शिक्षकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी प्यायल्यामुळे मारले, असा कुटुंबाचा आरोप होता. चर्चा लगेच माठ होता की नव्हता यावर गेली. मुलाला मारायला कायद्याने बंदी आहे, मग तो हात उठलाच कसा, हा प्रश्न बाजूला पडला. अशी प्रकरणे कायद्यापर्यंत पोहोचतात, पण पोराचा जीव गेल्यावर. छळविरोधी कायद्याचे काम त्याच्या खूप आधी सुरू व्हायला हवे.

कुणी म्हणेल, उच्च शिक्षणात तर चांगले नियम झाले. झाले खरे. यूजीसीने २००९ मध्ये रॅगिंगविरोधी विनियम केले. २०१२ मध्ये समता विनियम आले, भेदभाव म्हणजे काय ते त्यात लिहिले गेले. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला. त्याच वर्षी रॅगिंगच्या व्याख्येत दुरुस्ती होऊन जात, धर्म, भाषा, प्रदेश, आर्थिक स्थिती यांवरून केलेला छळ आणि बहिष्कार असे शब्द स्पष्टपणे आले. आणि २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. भिल्ल समाजातली, जळगाव जिल्ह्यातली, पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी. कागदावर त्या दिवशी सगळे काही होते : राज्याचा १९९९ चा कायदा, यूजीसीचे विनियम, अॅट्रॉसिटी कायदा. हे सगळे कायदे तिच्या मृत्यूनंतर आरोपपत्रात आले. ती जिवंत असताना एकही तिच्या वॉर्डात आला नाही.

रोहित आणि पायल यांच्या आया, राधिकाताई आणि आबेदाताई, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे हेच होते की नियम आहेत, अंमलबजावणी नाही. त्या लढाईतून यूजीसीला जानेवारी २०२६ मध्ये नवे समता विनियम काढावे लागले. ते निघताच देशभर आरडाओरड झाली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. २०१२ चे दुबळे विनियम असताना कुणाला त्यांची आठवणही नव्हती. जबाबदारी निश्चित करणारी भाषा आली आणि लगेच 'गैरवापर' हा शब्द आला. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. २०१८ मध्ये अॅट्रॉसिटी कायदा बोथट करणारा जो निकाल आला, ते प्रकरण आपल्याच कराडच्या एका सरकारी शिक्षणसंस्थेतून गेलेले होते. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद झाला, लोक रस्त्यावर मेले, तेव्हा संसदेला कलम १८-अ आणावे लागले. दात नसलेल्या कायद्याला कुणी विरोध करत नाही. विरोध सुरू झाला की समजावे, कायद्याला दात येत आहेत.

मग दात असलेला शाळेचा कायदा कसा असतो? दूर जायला नको. तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरी इथे ऑगस्ट २०२३ मध्ये एका दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर घरात घुसून कोयत्याने हल्ला झाला. हल्लेखोर त्याच्याच शाळेतली मुले होती. शाळेत चाललेल्या छळाची तक्रार त्याने केली होती, त्याचा हा सूड. तिथल्या सरकारने निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एक सदस्यीय समिती नेमली. जून २०२४ मध्ये तिचा अहवाल आला. मुलांच्या मनगटावरचे जातीच्या रंगांचे दोरे बंद करा, शाळांच्या नावातून जाती काढा, ज्या भागात ज्या जातीचे वर्चस्व आहे त्याच जातीचे अधिकारी आणि मुख्याध्यापक तिथे नेमू नका, आणि शाळा-महाविद्यालयांतल्या जातिभेदासाठी स्वतंत्र कायदा करा, अशा शिफारशी त्यात आहेत. त्या किती राबवल्या जातील तो पुढचा प्रश्न. पण त्या समितीने शाळेला जात विचारण्याचे धाडस केले. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव दर भाषणात घेणाऱ्या महाराष्ट्राने खर्ड्यानंतर अशी एक तरी समिती नेमली का? शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुले एकाच शाळेत बसवली होती. एकाच शाळेत बसल्यावर त्या मुलांचे काय होते, हे शंभर वर्षांनी तरी तपासायला नको का?

बाहेरची दोन उदाहरणे देतो, कारण त्यातून दोन कामाच्या गोष्टी शिकता येतात. नॉर्वेच्या कायद्यात मुलाला शाळेत असुरक्षित वाटते, एवढे पुरेसे असते. छळ झाल्याचे पुरावे मुलाने आणायचे नसतात. शाळेने तपास करायचा आणि काही दिवसांत लेखी योजना करायची. शाळेने हात झटकले तर पालक थेट शाळेबाहेरच्या शासकीय अधिकाऱ्याकडे जातात. म्हणजे सिद्ध करण्याचे ओझे पोराच्या खांद्यावर नाही, संस्थेच्या खांद्यावर. दुसरे जपान. ओत्सू शहरातल्या एका मुलाने २०११ मध्ये आत्महत्या केली, शाळेने छळ लपवला असे उघड झाले आणि २०१३ मध्ये कायदा झाला. त्यानंतर शाळांनी नोंदवलेल्या छळाचे आकडे वाढत गेले आणि वर्षाला सात लाखांच्या वर गेले. जपानी मुले अचानक दुष्ट झाली नाहीत. लपवलेले मोजले जाऊ लागले. आपल्या शाळांच्या रजिस्टरमध्ये शून्य तक्रारी असतात आणि आपण त्याला शिस्त म्हणतो. ज्या शाळेत शून्य तक्रारी आहेत तिथे कुणी मोजलेले नाही, हे आधी समजून घ्या.

"पॉक्सोचे बघा, तरी बदलापूर झालेच ना?" असाही आक्षेप येईल. बरोबर आहे. पॉक्सोमध्ये गुन्ह्याची माहिती असूनही ती न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, संस्थाप्रमुखाला जास्त आहे, आणि तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चिमुकल्यांच्या पालकांना गुन्हा नोंदवायला तासन्‌तास ताटकळावे लागले. पण पुढे काय झाले ते बघा. लोक उतरले तेव्हा संस्थेच्या लोकांवर 'कळवले नाही' म्हणून बोट ठेवायला कलम हातात होते. जातीच्या छळात आपल्या हातात शाळेसाठी असे स्पष्ट कलमच नाही. वर्गात मुलाला जातीवरून रोज छळले जाते हे माहीत असूनही मुख्याध्यापक गप्प बसला, तर त्याचे काही बिघडत नाही.

म्हणून मागणी 'कडक कायदा करा' एवढी मोघम नको. ती अशी हवी. शाळांसाठी स्वतंत्र छळविरोधी कायदा करा आणि त्यात जात हा शब्द लिहा. नुसती जात नाही. धर्म, लिंग, रंग, अपंगत्व, भाषा आणि जन्माचे ठिकाणही. वडार, कैकाडी, डोंबारी समाजाच्या पोराला 'चोर' म्हणून डिवचले तर महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी अॅट्रॉसिटी लागत नाही, कारण तो अनुसूचित यादीत नाही. मुसलमान पोराला 'पाकिस्तानी' म्हटले तरी लागत नाही. आपला कायदा मागताना त्यांनाही बरोबर घेतले नाही तर आपण आंबेडकरवादी कसले? आणि आपल्या वस्तीतला पोरगा जेव्हा मातंग किंवा पारधी पोराला हिणवतो, तेव्हाही तो कायदा लागला पाहिजे.

दुसरी मागणी, माहिती असून कारवाई न करणाऱ्या संस्थाप्रमुखावर जबाबदारी आणि अनुदानावर परिणाम. तिसरी, तक्रारीचे दार शाळेबाहेर, तालुका पातळीवर, ठरलेल्या दिवसांत लेखी उत्तर देणारे. चौथी, दर वर्षी प्रत्येक शाळेने तक्रारींचा आकडा जाहीर करायचा. पाचवी, छळ करणाऱ्या मुलासाठी तुरुंग नको. समुपदेशन, पालकांना बोलावणे आणि संविधानाचे शिक्षण, पण तक्रार करणाऱ्याने शाळा बदलायची नाही. आज नेहमी छळ झालेलाच दाखला घेऊन जातो.

हा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर जे आहे ते वापरा. तक्रार तोंडी करू नका. तारीख, ठिकाण, नेमके शब्द लिहून द्या आणि पोच घ्या. वर १९९९ च्या कायद्याचा उल्लेख करा, म्हणजे सात दिवस मोजता येतात. आठवे दिवशी मुख्याध्यापकाच्या कर्तव्याचे कलम दाखवून गटशिक्षणाधिकाऱ्याला आणि पोलिसांना पत्र द्या. मूल चौदाच्या आतले असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करा, तीन महिन्यांत निर्णय बंधनकारक आहे. राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे, १०९८ हा क्रमांक आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची अॅट्रॉसिटीची दक्षता समिती दर तीन महिन्यांनी बसली पाहिजे. तिच्या विषयपत्रिकेवर शाळा आणा. आणि सगळ्यात सोपे म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. अनुदानित आणि सरकारी शाळेत तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. तुमच्या गावच्या शाळेत त्या जागांवर कोण बसले आहे? बहुतेक ठिकाणी आपल्या मावशीची सही असते आणि बैठक कधी झाली ते तिला ठाऊक नसते.

जयंतीच्या वर्गणीतून डीजे आणणाऱ्या प्रत्येक मंडळाने यंदा दोन जणांना एवढेच काम द्यावे : वस्तीतली किती मुले कोणत्या शाळेत जातात, गेल्या वर्षी किती जणांनी शाळा सोडली आणि का, याची वही करणे. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला शब्द आपण फ्लेक्सवर छापतो. ज्या पोराला वर्गात बसवत नाही तो शिकणार कसा? १८५५ मध्ये फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या मातंग मुलीने आपल्या समाजाचे दुःख निबंधात लिहिले आणि ते ज्ञानोदयात छापून आले. तिला लिहिता आले, कारण तिच्या शाळेत तिचे ऐकणारे कुणी होते. आपल्या पोरांचेही कुणी ऐकले पाहिजे. कायदा ऐकत नसेल तर आपण ऐकू, लिहून घेऊ, आणि ते कागद घेऊन कायद्याच्या दारात जाऊन बसू.

ठराव झाला आहे. आता तळ्यावर जायचे आहे.

जयभीम!